'तारण' या संकल्पनेचे दोन अर्थ

ज्यू समाज राजकीय मसीहाची प्रतीक्षा करीत होता, येशूने मात्र केवळ आत्मिक तारण दिले, अशी मांडणी पुष्कळदा केली जाते. आरंभीचे ख्रिस्ती ग्रंथ तिला पुरता दुजोरा देत नाहीत, असे आमचे मत आहे.

'मसीहा' म्हणजे अभिषिक्त. इ. स. पूर्व ६३ मध्ये पाँपीने यरुशलेम जिंकले. त्यानंतरच्या 'शलमोनाची स्तोत्रे' या ज्यू रचनेत, दावीदवंशीय अभिषिक्त राजा परकीयांना हुसकावून लावील, अशी आशा व्यक्त झाली आहे. दुसरीकडे 'सोतेर', म्हणजे तारणारा, हे रोमन सम्राटांचे बिरुद होते. प्रिएने येथील इ. स. पूर्व ९ च्या शिलालेखात ऑगस्टसला तारणारा म्हटले असून त्याच्या जन्माची सांगड सुवार्तेशी घातली आहे. रोमने क्रूसावर चढविलेल्या माणसाला हेच बिरुद लावणे राजकीय अर्थापासून अलिप्त राहूच शकत नव्हते.

लूककृत शुभवर्तमानात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. जखऱ्याच्या गीतात शत्रूंपासून सुटका आणि पापांची क्षमा या दोहोंना तारण म्हटले आहे. मरीयेच्या गीतात सत्ताधीश आसनांवरून खाली येतात, भुकेले तृप्त होतात. पौल रोमकरांस सत्तेच्या अधीन राहावयास सांगतो; 'प्रकटीकरण' मात्र त्याच रोमला बाबेल ठरवून तिच्या पतनाचे चित्र रंगविते.

तेव्हा तारण राजकीय की आत्मिक, एवढे विचारून भागत नाही. ते कोण आणणार, आणि तोवर दासाने काय करावे, हे विचारले पाहिजे. कलस्सैकरांस व इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत दासांना धन्याच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश आहे. तारणारा येईपर्यंत दास दासच राहतो. या विचारातील खरी उणीव आम्हांस येथे दिसते.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' (१९५७) या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्गदाता व मोक्षदाता असा जो भेद केला आहे, त्याचे मोल येथे कळते. मोक्षदात्याची वाट पाहावी लागते. मार्ग मात्र आजच चालावयाचा असतो. तथापि, या भेदाचा आधार घेऊन मरीयेच्या गीतातील भुकेल्यांची हाक ऐकण्याचे टाळणे न्याय्य नव्हे. ती हाक शोषितांची आहे. ती ओळखावयाची आणि उत्तरासाठी आकाशाकडे न पाहता स्वतःच्या पायांकडे पाहावयाचे, हीच अभ्यासकाची भूमिका असावी.