‘स्त्रीपुरुष तुलना’ : दस्तऐवज की समीक्षा?

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) या पुस्तकाचा उल्लेख स्त्रीमुक्तीच्या इतिहासात आता अटळ झाला आहे. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले आणि १९९४ मध्ये रोझालिंड ओहॅनलन यांच्या इंग्रजी अनुवादाने ते महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकांपर्यंत पोचवले. मात्र या मान्यतेबरोबर एक सोयही आली. ‘पहिले स्त्रीवादी लेखन’ अशी नोंद केली की ते वाचण्याची जबाबदारी संपते. दस्तऐवज म्हणून ते जपले गेले. संहिता म्हणून त्याची चिकित्सा क्वचितच झाली.

पुस्तकाचे निमित्त सर्वज्ञात आहे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली व पुढे ती सौम्य करण्यात आली. त्या प्रकरणाच्या आधारे ‘पुणेवैभव’ने समस्त स्त्रीजातीला दोष दिला. ताराबाईंचे उत्तर विजयालक्ष्मीच्या बचावापाशी थांबत नाही. एका स्त्रीच्या कृत्यावरून ‘स्त्रीस्वभाव’ सिद्ध करणारी विधाने मुळात कशी घडतात, हा त्यांचा विषय आहे. म्हणूनच त्या संस्कृत श्लोक, पुराणकथा आणि समकालीन कथा-नाटके यांकडे वळतात. स्त्रीला संशय, साहस, कपट यांचे आगर ठरवणाऱ्या श्लोकातील एकेक दूषण उचलून ते पुरुषाच्या वर्तनाशी ताडून पाहणे, ही त्यांची पद्धती होय. सावित्रीने पतीसाठी यमाचा पाठलाग केला; पत्नीसाठी तसे करणारा पती कोठे आहे, हा त्यांचा प्रश्न केवळ उपरोधाचा नाही. कथेत जे अनुपस्थित आहे त्याकडे बोट दाखवणारे ते वाचन आहे. या अर्थाने ‘तुलना’ ही समाजसुधारणेची पुस्तिका असण्याबरोबरच वाङ्मयसमीक्षाही ठरते.

त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की संबोधनातील भेद लक्षात येतो. रमाबाई स्त्रियांशी बोलतात व आत्मोन्नतीचा उपदेश करतात. ताराबाई पुरुषांना समोर उभे करून जाब विचारतात. आरंभी स्वतःच्या अल्पज्ञानाची कबुली देणारी ही लेखिका पुढे घरगुती, बोचऱ्या बोलीचा जो वापर करते, त्यामुळे त्या कबुलीतील नम्रता संकेतापुरती उरते. हा रोष शैलीचा दोष मानला गेला. वस्तुतः तो युक्तिवादाचाच भाग आहे. संयत भाषेने ‘पुणेवैभव’शी वाद घालता आला असता, परंतु बोलणाऱ्याचा अधिकारच नाकारणाऱ्या व्यवस्थेशी वाद घालण्यास ती अपुरी पडली असती.

तथापि ‘तुलने’च्या मर्यादाही तिच्या पद्धतीतच आहेत. तोच दोष पुरुषांतही आहे, असे म्हणताना तो दोष मोजणारे माप मान्य केले जाते. पातिव्रत्याचा आदर्श ताराबाई पूर्णतः टाकून देत नाहीत. तो एकतर्फी का, एवढेच अनेकदा विचारतात. मात्र पत्नी वारताच पुरुष पुन्हा लग्नाला मोकळा आणि विधवेवर मात्र आजन्म बंदी, ही व्यवस्था कोणी व कोणाच्या हितासाठी केली, असे त्या विचारतात तेव्हा माप घडवणारा हातच संशयाखाली येतो. संहिता या दोन टोकांमध्ये हेलकावत राहते. ‘पहिली’ या बिरुदाने झाकले जाते ते नेमके हेच आंदोलन.

ताराबाईंवरील टीकेला जोतीराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये उत्तर दिले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र उपलब्ध नाही. एका पुस्तकाच्या लेखिकेला इतिहासात स्थान देणे सोपे असते. तिच्या युक्तिवादातील बळ आणि विसंगती दोन्ही गांभीर्याने घेणे, म्हणजे तिला समीक्षक म्हणून समान पातळीवर वागवणे, अधिक कठीण आहे. ‘तुलने’ची मागणी मात्र तीच होती.