केंद्रीय रस्ते निधी आणि पाड्याचा रस्ता : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात एक चिकित्सा

रस्त्यांसाठी केंद्राने निधी उभारावा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पुढील वर्षी दिलेल्या अहवालात, रस्त्यांचा विकास प्रांतिक सरकारे व स्थानिक संस्था यांच्या आर्थिक कुवतीपलीकडे गेल्याचे नमूद करून पेट्रोलवर जादा कर सुचविला. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. वाटप मात्र त्या त्या प्रांतातील पेट्रोलच्या खपानुसार होई. जेथे मोटारच पोहोचली नव्हती, त्या मुलखाच्या पदरात या सूत्राने काय पडणार होते, हे वेगळे सांगावयास नको.

केंद्रीय रस्ते निधी अधिनियम, २००० ने हा दोष काही अंशी दूर केला. राष्ट्रीय महामार्ग वगळता रस्ते हा राज्यसूचीतील विषय असूनही डिझेलवरील उपकराचा ५० टक्के हिस्सा ग्रामीण रस्त्यांसाठी राखला गेला. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. महसुली गाव नव्हे तर वस्ती हे एकक धरणे, हे या योजनेचे खरे श्रेय होय. विखुरलेल्या पाड्यांच्या शहापूर-मुरबाडसाठी ते विशेष मोलाचे होते.

परंतु एकक बदलले तरी पात्रता लोकसंख्येवरच राहिली. सर्वसाधारण प्रदेशात ५००, आणि डोंगरी राज्ये, वाळवंटी प्रदेश व पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात २५०. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो. मुरबाडची मात्र ७७ गावेच त्यात आहेत. महाराष्ट्र डोंगरी राज्य नसल्याने, सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी असूनही मुरबाडच्या उर्वरित गावांतील वस्त्यांना ५०० चा निकष लागू झाला. उतार तोच, पाऊस तोच. पात्रता तेवढी निराळी! शिवाय २५० पेक्षा लहान पाडा दोन्ही तालुक्यांत योजनेबाहेरच राहिला.

२०२३ च्या पीएम-जनमन अभियानात ही मर्यादा १०० पर्यंत खाली आली, पण ती केवळ विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या वस्त्यांसाठी. म्हणजे कातकरी वाडी पात्र ठरू शकते, शेजारचा तेवढ्याच लोकसंख्येचा ठाकूर पाडा नाही. गर्भवतीला डोलीतून न्यावे लागते तेव्हा जमातीचा भेद कोणत्या उपयोगाचा, हा प्रश्न धोरणकर्त्यांनी विचारलेला दिसत नाही.

निधीचे स्वरूपही पालटले. २०१५-१६ पासून योजनेचा ४० टक्के भार महाराष्ट्रासारख्या राज्यांवर आला. २०१८ मध्ये कायद्याच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द दाखल झाले आणि रस्त्यांच्या नावाने गोळा होणारा पैसा ऊर्जा, पाणीपुरवठा, शिक्षण, आरोग्य यांसाठीही खुला झाला. या सुविधा गरजेच्या आहेतच. परंतु उपकर लावताना दिलेले कारण त्यामुळे विरळ झाले. दरम्यान ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा शहापूर तालुक्यातून खुला झाला. तो प्रवेशनियंत्रित आहे. भोवतालच्या पाड्यांना तो दिसतो, वापरता येत नाही. त्याचा पैसा वेगळ्या मार्गाने उभा राहिला हे मान्य करूनही अग्रक्रमाचा प्रश्न उरतोच.

वनजमिनीची सबब नेहमी पुढे केली जाते. ती पूर्णतः ग्राह्य नाही. वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने, एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन रस्त्यासाठी वळविता येते. हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागू नयेत एवढीच मुख्य अट. शंभराहून कमी लोकवस्तीच्या पाड्यालाही हे कलम लागू आहे. त्यात लोकसंख्येचा उल्लेखच नाही.