‘पश्चिमसमुद्राधिपति’ : एका बिरुदाचें परीक्षण

अंबरनाथ (पूर्व) येथील शिवालय पाहावयास येणाऱ्या जिज्ञासूंस उत्तर कोंकणच्या शिलाहारांची माहिती सांगतांना ‘पश्चिमसमुद्राधिपति’ हें त्यांचें बिरुद हटकून पुढें केलें जातें; आणि त्यावरून ह्या राजांचीं जहाजें महासागर ओलांडून बेटोबेटीं संचार करीत व तेथील लोकांवर अंमल गाजवीत, असा सिद्धांत बांधण्यांत येतो. अलीकडे तर पॅसिफिक महासागरांतील दर्यावर्द्यांशीं त्यांची तुलनाही होऊं लागली आहे. हा सिद्धांत कोणत्या पुराव्यावर उभा आहे हें तपासणें अवश्य वाटल्यावरून हा अल्प प्रयत्न.

प्रथम एक इशारा. ह्याच देवालयावरील लेखाचा काल डॉ. भाऊ दाजी यांनीं शके ७८२ असा वाचिला होता; पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा दुरुस्त केला. एका अंकाच्या वाचनानें देवालय दोनशें वर्षें मागें गेलें होतें. अंकाची ही कथा, तर बिरुदाची काय? बिरुद हें राजाच्या आकांक्षेचें साधन. नाविकाच्या प्रवासाचें तें प्रमाण नव्हे. प्रशस्तिकारानें समुद्र लिहिला म्हणून जहाज समुद्रांत गेलें असें होत नाहीं.

मग प्रमाण कोठें शोधावें? तें प्रशस्तींत नसून ताम्रपटांच्या रूक्ष भागांत, म्हणजे जकात, माफी व देणगी यांच्या कलमांत आहे. दक्षिण कोंकणचा शिलाहार रट्टराज याचा खारेपाटण येथील ताम्रपट शके ९३० (इ. स. १००८) मधील आहे. त्यांत परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागें एक सुवर्ण गद्याण, व कंदलमूलीयाहून येणाऱ्या जहाजामागें एक सुवर्ण धरण देवालयास लावून दिला आहे. त्याच दानांत तीन गांवें, आणि तेली, माळी, कुंभार व परीट यांचीं कुटुंबें नेमून दिलीं आहेत. दूरचें जहाज आणि गांवचा कुंभार एकाच पत्र्यावर यावेत, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. समुद्राचें उत्पन्न गांवगाड्यांत कसें मुरत होतें, हें येथें दिसतें. शंभर बिरुदांत तें दिसणार नाहीं.

उत्तर शाखेच्या अनंतदेवाचा शके १०१६ चा ताम्रपट असाच बोलका आहे. भाभण श्रेष्ठी व धणम श्रेष्ठी ह्या बंधूंचीं जहाजें श्रीस्थानक (ठाणें), नागपूर, शूर्पारक (सोपारें) व चेमुल्य (चौल) ह्या बंदरांत आल्यास त्यांस जकात माफ आहे. येथील ‘नागपूर’ बंदर आहे, विदर्भांतील नगर नव्हे, हें सांगावयास नको. ह्या लेखांतील सत्ता बंदराच्या तोंडाशीं बसलेली आहे. ती जकात घेते किंवा सोडते. भर समुद्रावरील स्वामित्वाचा पुरावा ह्या माफीवरून निघत नाहीं.

शिलाहारांच्या बाहेरचा एक दाखलाही घ्यावा. चिंचणी येथील शके ८४८ च्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटांत संजानचा अधिकारी मधुमति, जातीनें ताजिक म्हणजे अरब, यानें दोन प्रवाहांवर फुकट तरीची सोय केली व अन्नसत्र घालून भात, कालवण व तूप विनामूल्य देण्याची व्यवस्था केली, असें सांगितलें आहे. परका दर्यावर्दी व स्थानिक ग्रामजीवन यांची गांठ पाहावयाची असेल, तर ती ह्या तरीवर व ह्या पंक्तींत पाहावी.

बोरिवलीनजीकच्या एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांचें युद्ध कोरलेलें आहे. त्यांचा संबंध इ. स. १२६५ च्या सुमारास झालेल्या सोमेश्वर शिलाहार व महादेव यादव यांच्या झुंजीशीं पुष्कळांनीं जोडला आहे. तो ग्राह्य धरला तरी वल्ह्यांच्या रांगा किनाऱ्याजवळच्या लढाईस अनुरूप आहेत; महासागर ओलांडल्याची ती साक्ष नव्हे.

प्रतिपक्षी म्हणतील कीं, लेख नाहीं म्हणून प्रवास नव्हता असें कसें? आक्षेप यथार्थ आहे. अँड्र्यू शार्प यांनीं इ. स. १९५६ मध्यें असें प्रतिपादिलें कीं, पॅसिफिकमधील दूरच्या बेटांवरील वसाहती बहुधा भरकटलेल्या होड्यांमुळें झाल्या. परंतु इ. स. १९७६ मध्यें सातावल बेटाच्या माउ पियाइलुग यांनीं तारे व लाटा यांच्या आधारें, उपकरणांवांचून, ‘होकुलेआ’ ही जोडहोडी हवाईहून ताहितीस नेली. लेख नसतांही विद्या होती, हें सिद्ध झालें. पण तें सिद्ध झालें प्रत्यक्ष प्रवासानें व तोंडी परंपरेच्या कसोटीनें; कोणा राजाच्या पदवीनें नव्हे. ही तुलना करूं पाहणारांनीं हा भेद विसरूं नये.

निष्कर्ष इतकाच कीं, शिलाहारांचा समुद्राशीं संबंध निःसंशय आहे. परंतु त्याचे खरे साक्षी जकातदार, तरकरी, श्रेष्ठी व कुंभार हे आहेत. बिरुदाच्या तेजांत त्यांचें श्रेय राजाच्या नांवावर जमा होतें, हा खरा अन्याय होय. म्हणून संग्राहकांस विनंती कीं, कोळी, खारवी व भंडारी घराण्यांतील जुने कागद, तांडेलांच्या तोंडची वाऱ्या-नक्षत्रांची माहिती व गांवोगांवचे झिजत चाललेले वीरगळ यांची नोंद त्वरेनें करावी. प्रशस्ति ताम्रपटावर टिकली आहे; तोंडची विद्या सांगणाराबरोबर जाते.