राणी ‘परकी’ होती, एवढं कारण पुरतं का?

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रांनो, आज एक नेहमीचं विधान तपासू : ‘राणी परदेशी होती, म्हणून प्रजेला नकोशी झाली.’ पटायला सोपं आहे. पण कारण म्हणून टिकतं का?

फ्रान्सची मारी आंत्वानेत बघा. व्हिएन्नात जन्मलेली ही मुलगी 1770 मध्ये, चौदाव्या वर्षी फ्रान्सला आली, तेव्हा लोकांनी कौतुकानं स्वागत केलं. 1787 पर्यंत तिला ‘तूटबाई’ अशा अर्थाचं टोपणनाव पडलं होतं. मधल्या काळात तिचा जन्मदेश थोडाच बदलला? जे स्थिर आहे, ते एकटं बदलाचं कारण होऊ शकत नाही. बदलली ती तिजोरी. तिची उधळपट्टी खरी, पण कर्जाचा मोठा भार युद्धांचा होता. आमच्या दिंद्रुडकडं घर बसलं की नव्या सुनेचा पायगुण काढतात; कर्ज कुणी काढलं, हे कुणी विचारत नाही. तसंच हे.

आता आपल्याकडचं उदाहरण. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी (तिसरे) 1928 मध्ये अमेरिकेच्या नॅन्सी मिलरशी लग्न केलं. ती काही गादीवरच्या राजाची राणी नव्हती, तरी विरोध झालाच. ‘परकी बाई’ हे कारण इथंही लगेच सुचतं. पण तारखा मांडा. 1925 मध्ये मुंबईत बावला खून प्रकरण घडलं, धागे इंदूर दरबाराकडे गेले आणि 1926 मध्ये महाराजांनी गादी सोडली. नॅन्सी आली त्यानंतर. मग रोष तिच्यावर किती आणि आधीच बदनाम झालेल्या महाराजांवर किती? अशा मिसळलेल्या कारणाला आपण कन्फाउंडर म्हणतो.

आणखी एक. विरोधावर उपाय काय केला? नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी तिला हिंदू धर्माची दीक्षा दिली, ती शर्मिष्ठादेवी झाली. जन्मदेश काही बदलला नाही, धर्म बदलला. म्हणजे अडचण नकाशापेक्षा धर्माची आणि जातीची जास्त होती.

तुलनेसाठी अहिल्याबाई घ्या. त्या चौंडीच्या, परदेशी नव्हेत, पण माळव्याला बाहेरच्याच. तरी माळव्यानं त्यांना डोक्यावर घेतलं.

तेव्हा ‘परकी होती म्हणून’ असं वाचलं की तीन प्रश्न विचारा : नाराजी नेमकी कधी वाढली? तेव्हा दुसरं काय घडत होतं? बाहेरची असूनही लोकांना आवडलेली कुणी आहे का? ‘परकी’ हा शब्द रोषाला तोंड देतो. रोष आला कुठून, ते आपल्यालाच शोधावं लागतं.