आडनांवाची व्युत्पत्ति आणि कुळाचा इतिहास

कुलवृत्तांत हा मराठींतील एक निराळाच ग्रंथप्रकार आहे. गेल्या शंभर वर्षांत गोखले, बापट, आपटे इत्यादि अनेक घराण्यांनीं आपापले वृत्तांत छापून काढिले. वाचनालयाच्या कपाटांत ते जाडजूड ग्रंथ एका ओळीनें उभे असतात, आणि ज्याचें त्या घराण्याशीं नातें नाहीं असा वाचक त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीं. टीकाकारांनीं तर त्यांना वाङ्मयांतच गणलें नाहीं. आमच्या मतें हा अन्याय आहे. माणसें स्वतःविषयीं काय खरें मानूं इच्छितात, हें या ग्रंथांवरून जितकें स्पष्ट कळतें तितकें चार कादंबऱ्यांवरून कळणार नाहीं.

या ग्रंथांची मांडणी बहुधा ठरलेली असते. आरंभीं गोत्र, प्रवर, कुलदैवत आणि मूळ गांव, मग आडनांवाची व्युत्पत्ति, मग मूळपुरुष, आणि त्यानंतर घड्या घातलेल्या लांबलचक कागदांवर वंशावळ. यांपैकीं वंशावळीच्या भागाविषयीं आम्हांस मनापासून आदर वाटतो. कोणी निवृत्त मास्तर किंवा कारकून गांवोगांवच्या शाखांना पत्रें धाडतो, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळतो, चार घरांच्या तोंडी माहितीचा मेळ घालतो. सुनांचीं माहेरें आणि मुलींचीं सासरें मात्र त्यांत अनेकदां गळतात, तो दोष आहेच. परंतु त्याचें श्रम खरे असतात. घसरतो तो व्युत्पत्तीच्या प्रकरणांत. तेथें हाच सावध मनुष्य एकाएकीं कवि होतो. आडनांवाला एक संस्कृत शब्द सांपडतो, त्या शब्दाला एक राजा सांपडतो, आणि राजाच्या दरबारीं एक पराक्रमी पूर्वज आपोआप उभा राहतो.

ही हौस आपल्याच लोकांची आहे असें कोणीं समजूं नये. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक सर जेम्स मॅकनॅब कॅम्बेल यांच्या नांवाकडे पाहावें. ठाणें जिल्ह्याचा त्यांनीं सिद्ध केलेला खंड १८८२ सालीं निघाला आणि साष्टीच्या खेड्यापाड्यांविषयीं लिहितांना आजहि तो उघडावा लागतो. मॅकनॅब म्हणजे गेलिक भाषेंत मठाधिपतीचा पुत्र. कॅम्बेल म्हणजे वांकड्या तोंडाचा. स्कॉटलंडांतील अत्यंत प्रबळ अशा या घराण्याला वांकडें तोंड पुढें सोसेना, तेव्हां ‘सुंदर मैदान’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांतून त्यांचें नांव काढून त्यांना परदेशच्या सरदारांशीं जोडणारे पंडित निघालेच. आपल्याकडे वाकडे, बोबडे, टकले, एकबोटे हीं आडनांवें उघड उघड कोणा एका पूर्वजाच्या अंगावरून पडलेलीं आहेत; त्यांतहि एखादा ऋषि शोधणारा मनुष्य भेटतोच.

फरक आहे तो पुढच्या पायरीवर. जॉर्ज ब्लॅक यांचा स्कॉटलंडच्या आडनांवांचा कोश १९४६ सालीं न्यू यॉर्क येथें प्रसिद्ध झाला. त्याचा विशेष व्युत्पत्तींत नाहीं. तें नांव कोणत्या सालच्या कोणत्या कागदांत प्रथम आढळतें, तेथें तें कसें लिहिलें आहे आणि तो मनुष्य कोण होता, हें ते आधीं सांगतात. अर्थाचा विचार त्या पुराव्याच्या आधारानें चालतो. आपल्याकडे क्रम उलटा आहे. अर्थ आधीं ठरतो आणि कागद, सांपडल्यास, मागाहून येतो.

मोरे या आडनांवाचें उदाहरण घेऊं. मौर्य शब्दाचें प्राकृत रूप मोरिय, आणि मोरियवरून मोरे. वर्णविकाराच्या दृष्टीनें यांत खोट काढतां येणार नाहीं. कोंकणांत मौर्यांचें राज्य होतें आणि दुसऱ्या पुलकेशीनें त्यांचा पराभव केला, हेंहि ऐहोळेच्या ६३४ सालच्या शिलालेखावरून सिद्ध आहे. येथपर्यंत सर्व ठीक. पण जावळीचे मोरे शिवाजी महाराजांसमोर उभे राहिले ते १६५६ सालीं. मधलीं हजार वर्षें कोणीं भरून काढावयाचीं? शिवाय मोरे हें मोर या पक्ष्यावरूनहि तितक्याच सुखानें सिद्ध होतें. या कुळाचें देवक मोराचें पीस आहे, आणि देवकावरून कुळाचें नांव पडणें ही गोष्ट महाराष्ट्रांत अपूर्व नाहीं. दोन्ही बाजूंचे लोक तेंच पीस पुरावा म्हणून दाखवितात! शिलाहारांवरून शेलार, कदंबांवरून कदम, यादवांवरून जाधव, हीं समीकरणेंहि याच जातीचीं आहेत. त्यांपैकीं एखादें खरें असेल. परंतु ध्वनीचा नियम ‘असें होऊं शकतें’ एवढेंच सांगतो. ‘असें झालें’ हें सांगण्याचें काम कागदाचें.

इतिहासाचार्य राजवाडे यांच्यापासून ही चूक आपण शिकलों असें म्हणणें धाडसाचें होईल, पण तिला प्रतिष्ठा मिळाली ती त्यांच्यामुळें. त्यांची बुद्धि अशी कीं कोणताहि मराठी शब्द हातीं आला कीं त्याचें संस्कृत मूळ त्यांना दिसूं लागे. त्यांचें चुकलें तरी त्यांतून कांहीं शिकावयास मिळतें. त्यांच्या अनुयायांच्या चुका मात्र नुसत्या चुका असतात. आणि याच राजवाड्यांनीं १९२४ सालीं ‘महिकावतीची बखर’ छापून कुलेतिहासाच्या अभ्यासकाला खरें साधनहि पुरविलें, हें विसरतां कामा नये. उत्तर कोंकणांतील कुळांची, गोत्रांची, गांवांची आणि मानाची जंत्री तींत आहे, आणि केशवाचार्याचा भाग शके १३७० मधला. ही नोंद करण्याची गरज कां पडली? कोणाचा मान पहिला, कोणाची वृत्ति कोणत्या गांवीं, हें ठरविण्यासाठीं. पुढें वतनाच्या तंट्यांत गोतसभेपुढें महजर होत, करीने लिहून दिले जात, आणि वादी-प्रतिवादी आपापल्या वंशावळी मांडीत. आजच्या कुलवृत्तांताचा खरा पूर्वज हा कज्जाचा कागद आहे. अभिमान मागाहून आला. आधीं होती जमीन.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे आडनांवांच्या चंचलतेचें नवल वाटेनासें होतें. श्रीवर्धनचे भट पेशवे झाले, आणि भानूंच्या घरांतील नाना जगाला फडणीस म्हणून ठाऊक झाला. स्कॉटलंडांतहि राजवाड्याचा कारभारी या अर्थाचें स्टुअर्ट हें हुद्द्याचें नांव १३७१ सालीं सिंहासनावर बसलें. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ हे जन्मानें नुसते जेम्स ग्रँट. आईकडची ईडनची मालमत्ता वारशानें आली तेव्हां तिच्याबरोबर डफ हें नांवहि आलें. हुद्दा, मिळकत आणि स्थलांतर हे तिघे आडनांवांचे खरे बाप. ‘कर’ प्रत्ययाचीच गोष्ट पाहा. परुळें गांवांत राहणाऱ्या सर्वांनाच परुळेकर म्हणून काय उपयोग? गांव सुटतो तेव्हांच तो नांवाला चिकटतो.

हा विचार आमच्या मनांत पक्का झाला तो मात्र ग्रंथालयांत नव्हे; आरे कॉलनींत. मुंबईंतील गुरांचे गोठे शहराबाहेर नेण्यासाठीं १९४९ सालीं ही दुग्धवसाहत स्थापन झाली. आरे, साई, मरोळ-मरोशी, पासपोली, व्यारावली अशा जुन्या गांवांची जमीन तींत आली. तेथील पाड्यांतून वारली आणि इतर आदिवासी त्यापूर्वींपासून राहत आले आहेत. त्या पाड्यांचीं नांवें ऐकावीं: जीवाचा पाडा, नवशाचा पाडा. कोंकणस्थाच्या घरीं माणसानें गांवाचें नांव घेतलें. येथें जागेनें माणसाचें नांव घेतलें. जो सोडून गेला त्याला गांवाची खूण लागली, जो राहिला त्याची खूण जमिनीला लागली. कुलेतिहासाच्या दृष्टीनें हा पुरावा अव्वल दर्जाचा आहे. पण तो व्यक्तीच्या नांवापुढें नसून पाड्याच्या पाटीवर आहे, म्हणून आमच्या कुलवृत्तांतकारांना तो दिसत नाहीं.

वारल्यांत कुळें आहेत आणि सोयरीक जमवितांना तीं कसोशीनें पाहिलीं जातात. के. जे. सावे यांनीं १९४५ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत या जमातीचें वर्णन केलें आहे. बाहेरच्या पंडितांनीं मात्र कुळांपेक्षां जमातीच्या नांवाचीच चिकित्सा अधिक केली. कोणी म्हणतो, वारल म्हणजे कसलेल्या जमिनीचा तुकडा, त्यावरून वारली. कोणी सप्तकोंकणांतील वरलाटाकडे बोट दाखवितो. दोन्ही तर्कांत वारल्याला कोणीं कांहीं विचारलें आहे असें दिसत नाहीं.

एका पाड्यावरच्या म्हाताऱ्या बाबांकडे आमचें कांहीं वर्षें जाणें-येणें आहे. त्यांच्या घरीं तीन आडनांवें आहेत. बाबांच्या जुन्या दाखल्यावर आडनांवाच्या जागीं ‘वारली’ असें जातीचेंच नांव. त्यांच्या धाकट्या भावाच्या दाखल्यावर त्या जागीं बापाचें नांव. आणि मुलाच्या दाखल्यावर प्रथमच कुळाचें नांव. लिहिणारा गुरुजी प्रत्येक वेळीं निराळा होता, इतकेंच. “आम्हांला कोणी विचारलं नाय, नि आम्ही सांगितलं नाय,” असें बाबा हंसत म्हणाले. पण नातवाला जातीच्या दाखल्याची पडताळणी करून घ्यावयाची होती, आणि त्याला हंसूं येत नव्हतें.

कारण तेथें आडनांवाची व्युत्पत्ति हा विरंगुळा राहत नाहीं. अनुसूचित जमातींचा पहिला आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. त्यापूर्वींच्या कागदांना पडताळणींत मोठें वजन. आजा, चुलत-आजा आणि बाप हे एकाच रक्ताचे, हें तीन निरनिराळ्या आडनांवांनिशीं सिद्ध करावयाचें. उलट, दोन अगदीं भिन्न समाजांचें नांव एकच निघालें कीं तेंहि संशयाला कारण. ठाकूर या एका शब्दानें किती खटले उभे केले आहेत! नामसादृश्यावरून कुळ जोडण्याची जी चूक कुलवृत्तांतकार हौसेनें करतो, तीच कचेरींतल्या मेजावर झाली तर एका मुलाचें शिक्षण जातें. म्हणून पद्धतीचा हा वाद आम्हांस पंडितांपुरता वाटत नाहीं. स्कॉटलंडांत १६०३ सालीं सरकारनें मॅकग्रेगर हें नांवच बेकायदा ठरविलें. तें धारण करणाऱ्यांनीं शेजाऱ्यांचीं आडनांवें लावून दिवस काढिले. मध्यंतरीं एकदां बंदी उठली आणि पुन्हां लादली गेली. ती कायमची गेली १७७४ सालीं. त्या काळांत नुसत्या आडनांवावरून कुळ ठरविणारा मनुष्य त्यांना कॅम्बेल किंवा मरे समजून मोकळा झाला असता. आरेच्या पाड्यांत कोणीं नांव बंद केलें नाहीं. फक्त रकाना चुकीचा भरला. परिणाम फारसा निराळा नाहीं.

त्या नातवानें पुढें एक वही केली. साधी, शाळेची, दोन रेघांची. बाबांच्या तोंडून ऐकून त्यानें सहा पिढ्यांचीं नांवें लिहून काढलीं आहेत. प्रत्येक सून कोणत्या पाड्यावरून आणि कोणत्या कुळांतून आली हें तींत आहे. कोणी कोणत्या सालीं गोठ्यावर कामाला लागला हें आहे. २०१९ च्या ऑक्टोबरांत मेट्रोच्या कारशेडसाठीं झाडें तोडलीं गेलीं, त्या वेळीं घरांतून कोण कोण बाहेर पडलें हेंहि आहे. मुलींचीं सासरें एकहि गळलेलीं नाहींत. आम्हीं आजवर पाहिलेल्या कुलवृत्तांतांत व्युत्पत्तीचें प्रकरण नसलेला हा एकच. पांचव्या पिढीच्या दोन नांवांपुढें त्यानें पेन्सिलीनें प्रश्नचिन्ह केलें होतें. कां, म्हणून विचारलें तेव्हां तो म्हणाला, “बाबांना नक्की आठवत नव्हतं. पासपोलीला एक आजी आहे, तिला विचारून मग पेनानं लिहीन.”