अफगाण मतपत्रिकांची तपासणी (सन २०१४) : निवाडापत्र कीं समजूतपत्र?

अफगाणिस्तानाचें नांव निघालें कीं आमच्या वाचकांस शके १६८२ चें पानिपत आठवावें, हें साहजिक आहे. प्रस्तुत टीकेचा विषय मात्र अबदाली नसून, सन २०१४ मध्यें त्या देशांत झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या मतपत्रिका हा आहे. या त्रैमासिकास निवडणुकीशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. आमचें उत्तर इतकेंच कीं, मतपत्रिका हा दस्तऐवज आहे. आणि सुमारें ८० लक्ष दस्तऐवज सात आठवड्यांत, संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालीं व दोन्ही वाद्यांच्या प्रतिनिधींसमक्ष तपासले जाण्याचा प्रसंग विरळा. त्या तपासणीची स्तुति पुष्कळ झाली. तींतील कांहीं भाग यथार्थ आहे, कांहीं नाहीं.

प्रथम हकीकत. ता. ५ एप्रिल रोजीं पहिली फेरी होऊन अब्दुल्ला अब्दुल्ला यांस ४५ टक्के व अश्रफ घनी यांस ३१.५६ टक्के मतें पडलीं. निम्म्याहून अधिक मतें कोणासच नसल्यामुळें ता. १४ जून रोजीं दुसरी फेरी झाली. ता. ७ जुलैच्या प्राथमिक निकालांत घनी ५६.४४ व अब्दुल्ला ४३.५६ असें प्रमाण आलें. पहिल्या फेरींत एकंदर मतें सुमारें ६६ लक्ष होतीं, तीं दुसरींत ८० लक्षांच्या घरांत गेलीं. अब्दुल्ला यांच्या पक्षानें बनावट मतांचा आरोप केला. तेव्हां अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांच्या मध्यस्थीनें ता. १२ जुलै रोजीं असें ठरलें कीं, देशांतील यच्चयावत् मतपेट्या काबुलास आणून तपासाव्या. त्या २२,००० हून अधिक होत्या.

तपासणीची रीति आमच्या वाचकांस परकी वाटणार नाहीं. पेटीचें मोहोर शाबूत आहे काय. आंतील पत्रिका व निकालपत्रावरील आंकडा जुळतो काय. पत्रिका घडी घातलेल्या आहेत कीं पुडक्यांतून काढल्या तशाच कोऱ्या सपाट आहेत. अनेक पत्रिकांवरील खुणा एकाच हातच्या दिसतात काय, हें पाहावयाचें होतें. महजरावरील साक्षीदारांच्या निशाण्या ताडून पाहतांना आपण दुसरें काय करतों? एकाच वळणाचे दहा नांगर एकाखालीं एक दिसले कीं आपल्याला शंका येतेच. पण आपण तो महजर चार चार दिवस उशाशीं घेऊन बसतों. तेथें दिवसाकांठीं शेंकडों पेट्या हातावेगळ्या करावयाच्या होत्या. शिवाय कोणत्या दोषानें पेटी बाद ठरावी याचे निकष आधीं ठरले नव्हते. त्यांवरून तंटे होऊन काम वारंवार थांबलें. ता. २७ ऑगस्ट रोजीं अब्दुल्ला यांचा पक्ष तपासणींतून उठून गेला, व समतोल राहावा म्हणून दुसऱ्या पक्षासही बाहेर राहण्यास सांगण्यांत आलें.

याहून मोठें व्यंग मुळांतच होतें. मतदारांची केंद्रवार यादी त्या वेळीं त्या देशांत नव्हती. ओळखपत्र असलें म्हणजे कोठेंही मत देतां येई, आणि वाटलेलीं पत्रें तर २ कोटींच्या आसपास, म्हणजे मतदारांच्या अंदाजी संख्येहून किती तरी अधिक होतीं. मूळ प्रतच नाहीं, तेथें प्रक्षेप कोणता हें कशाच्या आधारें सांगावें? साहाय्यक राष्ट्रांनीं शाई, पेट्या, विमानें व निरीक्षक पुरविले. त्याच द्रव्यानें दहा वर्षें आधीं एक धड यादी सिद्ध झाली असती, तर उपयोग अधिक झाला असता, असें आमचें मत आहे. मतदारांस विशिष्ट केंद्राशीं जोडणारी नवी नोंदणी २०१८ मध्यें झाली.

येथें एक गोष्ट नमूद न करणें कृतघ्नपणाचें होईल. ज्यांनीं हे दस्तऐवज निर्माण केले त्यांनीं जिवावर उदार होऊन केले. ता. २० मार्च रोजीं काबुलांतील सेरेना हॉटेलवर हल्ला होऊन मेलेल्यांत एक परदेशी निरीक्षक होता; त्यानंतर कांहीं संस्थांनीं आपलीं माणसें परत बोलाविलीं. दुसऱ्या फेरीच्या दिवशीं हेरात प्रांतांत ११ मतदारांचीं शाई लागलेलीं बोटें तालिबानांनीं छाटलीं. निरीक्षकांस परत जातां आलें, या लोकांस नाहीं. कागदाची छाननी करतांना आम्हांस त्या बोटांचा विसर पडूं नये.

आतां मुख्य आक्षेप. ता. २१ सप्टेंबर रोजीं दोन्ही उमेदवारांनीं संयुक्त सरकारच्या करारावर सह्या केल्या. त्यानंतर त्याच दिवशीं निवडणूक आयोगानें घनी यांस विजयी घोषित केलें, पण मतांचा आंकडा सांगितला नाहीं. ५५.२७ टक्के हा आंकडा पुढें बाहेर आला. आपल्या जुन्या न्यायव्यवहारांत निवाडापत्र व समजूतपत्र हे भिन्न कागद आहेत. निवाडापत्रांत वादी-प्रतिवादींचे करिने, साक्षी-पुरावे व निर्णयाचें कारण येतें. समजूतपत्रांत भाऊबंदांनीं काय वांटून घेतलें तें येतें. गांवोगांवच्या पेट्या उघडून, हजारों माणसें राबवून जर शेवटीं समजूतपत्रच करावयाचें होतें, तर त्यास निवाडापत्र म्हणूं नये. यावर असें उत्तर देण्यांत येतें कीं, आंकडा त्याच दिवशीं उच्चारला असता तर काबुलांत रक्त सांडलें असतें. ही भीति खोटी होती असें म्हणण्याचें धाडस आम्ही पुण्यांत बसून करणार नाहीं. परंतु जीव मुठींत धरून मत देणाऱ्यास आपलें मत मोजलें कीं बाद झालें, हें कळण्याचा हक्क होता. आणि तो हक्क वाद्यांच्या समजुतीनें सुटणारा नव्हे.

मोर्तबावांचून राहिलेल्या कागदावर पुढें कोणीही ओळ घालूं शकतो. सन २०१९ च्या निवडणुकींत मतें १८ लक्षांवर आलीं, निकाल लागण्यास पांच महिने लागले, आणि ता. ९ मार्च २०२० रोजीं त्याच दोघां गृहस्थांनीं काबुलांत एकाच दिवशीं वेगवेगळे शपथविधि केले. ता. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं शहर तालिबानांच्या हातीं गेलें, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत निवडणूक आयोग बरखास्त करण्यांत आला.