मुलाखत म्हणजे साक्ष नव्हे

कलावंताची मुलाखत कशी असावी, असं कुणी विचारलं की आम्ही लगेच समीक्षक डेव्हिड सिल्व्हेस्टरनं घेतलेल्या फ्रान्सिस बेकनच्या मुलाखतींकडे बोट दाखवायचो. 1962 साली बीबीसीसाठी सुरू झालेलं हे बोलणं 1975 मध्ये पुस्तक होऊन आलं. बेकन त्यात सांगतो की तो आधी रेखाटनं करत नाही, सगळं थेट कॅनव्हासवर, अपघाताच्या भरवशावर. झालं! हेतू आणि अपघात यांवर आम्ही वर्गात तासच्या तास घेतले, ते या एका उत्तराच्या जोरावर.

1992 मध्ये बेकन गेला आणि मग कागद बाहेर आले. रेखाटनं, कच्चे आराखडे. 1999 मध्ये लंडनच्या टेटनं ती मांडलीसुद्धा.

सिल्व्हेस्टरनं फसवलं म्हणावं, तर निरनिराळ्या बैठकांतले तुकडे जोडून हा संवाद रचलाय, हे त्यानं प्रस्तावनेतच सांगून ठेवलंय. (प्रस्तावना वाचतो कोण, म्हणा.) आमची तक्रार त्याच्या प्रश्नाबद्दल आहे. तो प्रश्न पुन्हा वाचा. रेखाटनं तुम्ही करतच नाही ना, असा त्याचा थाट! उत्तर प्रश्नातच बसलेलं. बेकननं फक्त मान डोलवायची. आणि इतकी वर्षं आम्हाला ते खटकलं नाही, कारण आम्हालाही तेच उत्तर हवं होतं.

पुस्तक आम्ही आजही वाचतो, पण बेकनला आपलं चित्र कसं घडावंसं वाटत होतं, एवढ्यापुरतं. प्रत्यक्षात ते कसं घडलं, याचा माग काढायला त्याचा लंडनमधला स्टुडिओ आहे. त्याच्या जन्मगावी, डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीत, तो पसाऱ्यासकट उभा केलाय.